पेपर एकदाच छापता येतो, म्हणून त्या मेलला पैसे पाठवू नको

गोव्यातल्या तिसवाडीतल्या एका वाचक मुलीचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं देते.

"ताई, मी कॉलेजात शिकवते आणि पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. विषय आमच्या गावचं खाजन (खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन), म्हणजे बांध कोण सांभाळत होतं, आता कोण सांभाळतं, मानस (बांधातली पाण्याची झडप) कोणाच्या ताब्यात आहे. थिसिसचं तिसरं प्रकरण एका चांगल्या जर्नलला पाठवलं होतं, अकरा दिवसांत परत आलं, 'आमच्या कक्षेत बसत नाही' एवढं एकच वाक्य. त्याच आठवड्यात दुसरीकडून मेल आला, रिस्पेक्टेड प्रोफेसर, यूजीसी अप्रूव्हड, इंपॅक्ट फॅक्टर ७.८, अठराशे रुपये भरा, तीन दिवसांत पेपर आणि सर्टिफिकेट. स्टाफरूममध्ये सगळी सांगतात की पेपर नसेल तर थिसिस घेणारच नाहीत. गाईड सर म्हणाले पेपरवर त्यांचं नाव पहिलं घालायचं. पैसे भरू का? आणि खरं सांगा, मला लिहायला जमतं तरी का?"

बाय, पैसे भरू नको. बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल, पण हे आधी ऐक. पेपर एकदाच छापता येतो. तू दोन वर्षं ओहोटीच्या वेळा बघून बांधावर फिरलीस, म्हाताऱ्या माणसांच्या अंगणात बसून त्यांचं ऐकलंस, ते सगळं एकदा त्या तीन दिवसवाल्या जर्नलात गेलं की मग कुठलंच धड जर्नल ते पुन्हा घेणार नाही, कारण आधी छापलेलं कोणी घेत नाही. माझ्या ओळखीच्या एकीचं असंच झालं. मिठागरांवरचं खूप चांगलं काम होतं तिचं, घाईत अशाच एका ठिकाणी दिलं, दोन महिन्यांनी चूक कळली आणि तिने परत मागितलं तर त्यांनी परत घ्यायचे म्हणून वेगळे पैसे सांगितले, दोन-तीन वर्षांनी ती वेबसाईटच बंद पडली. आता ते काम कुठे सापडतही नाही आणि दुसरीकडे देताही येत नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

आता त्या मेलमधल्या एकेका शब्दाकडे बघू. 'यूजीसी अप्रूव्हड' ह्याला आज काही अर्थ उरलेला नाही. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, जी जुनी यादी होती तिच्यातून मे २०१८ मध्ये एका फटक्यात ४,३०५ जर्नलं काढून टाकली होती, मग केअर नावाची नवी यादी आली, आणि ती सुद्धा फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता यूजीसीने फक्त निकष सांगितलेत आणि जर्नल पारखायचं काम लेखकावर आणि त्याच्या संस्थेवर सोडलंय. त्यामुळे आज कोणी 'अप्रूव्हड' चा शिक्का दाखवत असेल तर तिथेच सावध हो. इंपॅक्ट फॅक्टरचं, म्हणजे जर्नलातल्या लेखांचा सरासरी किती संदर्भ घेतला जातो त्या आकड्याचं, पण तसंच, खरा इंपॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही एकच कंपनी दरवर्षी काढते, बाकी जे कोणी वेगवेगळ्या नावांनी आकडे विकतात त्यांचा त्याच्याशी संबंध नाही. आयएसएसएन नंबर बघून लोक भुलतात, पण तो आठ अंकांचा नुसता ओळख क्रमांक आहे, नियमित निघणाऱ्या कुठल्याही प्रकाशनाला मिळतो, आतला मजकूर चांगला की वाईट हे तो सांगत नाही.

मग पारखायचं कसं, तर मी काय करते ते सांगते. संपादक मंडळाची नावं घ्यायची आणि त्यातल्या दोघा-तिघांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन बघायचं की त्यांनी स्वतः ह्या जर्नलचं नाव लिहिलंय का. नसेल तर तिथल्या पत्त्यावर दोन ओळींचा मेल टाकायचा, बऱ्याचदा त्या बिचाऱ्यांना आपलं नाव वापरलंय हे माहीतच नसतं. मग मागचे दोन अंक उघडून खरंच वाचायचे. एकाच अंकात खाजन शेती, बँकेचं मार्केटिंग आणि दातांचे आजार असं सगळं असेल तर तुझा लेख नीट वाचणारा माणूस तिथे नाही हे ओळखायचं. जर्नल स्कोपसमध्ये, म्हणजे निवडक जर्नलांच्या एका मोठ्या यादीत, आहे असं म्हणत असतील तर त्यांच्या वेबसाईटवर विश्वास न ठेवता स्कोपसच्याच यादीत शोधायचं आणि तिथून जर्नलच्या वेबसाईटवर जायचं, कारण चांगल्या जर्नलच्या नावाने नकली साईट काढणारे पण आहेत. एक मात्र, पैसे घेणारं प्रत्येक जर्नल खोटं असं समजू नको. ओपन ॲक्सेसवाली, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणारी, कित्येक चांगली जर्नलं छापायचा खर्च लेखकाकडून घेतात, पण ते उघड लिहिलेलं असतं, साधारणपणे लेख स्वीकारल्यावर घेतात आणि परवडत नसेल तर माफीसाठी अर्ज करता येतो. आणि तुझ्या विषयात एक पैसा न घेणारी भरपूर आहेत, त्यामुळे तुला त्या वाटेला जायची गरजच नाही.

स्टाफरूमवाल्यांचं म्हणणं जुन्या नियमावर आहे. २०१६ च्या नियमांत थिसिस देण्याआधी एक पेपर छापलेला हवा अशी अट होती, ती यूजीसीने नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमांत काढून टाकली. तुझं तिसरं वर्ष म्हणजे रजिस्ट्रेशन त्याच्या नंतरचं असणार. तरी विद्यापीठ स्वतःच्या ऑर्डिनन्समध्ये वेगळं काही ठेवू शकतं, तेव्हा ताळगावच्या पठारावर विद्यापीठात जाऊन पीएचडी विभागात लेखी विचार, 'अमका म्हणाला' ह्यावर अठराशे रुपये आणि दोन वर्षांचं काम घालवू नको.

आता त्या अकरा दिवसांत परत आलेल्या लेखाबद्दल, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं. अकरा दिवसांत परत आला म्हणजे तो कुठल्याही रिव्ह्यूअरपर्यंत, म्हणजे लेख तपासणाऱ्या तज्ज्ञापर्यंत, गेलाच नाही, एडिटरने बघितलं आणि ठरवलं. ह्याला डेस्क रिजेक्ट म्हणतात, चांगल्या चांगल्यांचे होतात. आणि लवकर कळलं हे बरंच झालं, सहा महिने अडकून पडून मग नाही म्हणाले असते तर? तुझं लिखाण वाईट असं त्या वाक्यात कुठेच नाही. पण तू जोडलेलं प्रकरण मी वाचलं आणि एडिटरने का परत केलं ते मला कळलं. ते चौदा हजार शब्दांचं प्रकरण आहे, पेपर नाही.

प्रकरण आणि पेपर ह्यात फरक काय, तर प्रकरण परीक्षकासाठी असतं, त्याला दाखवायचं असतं की बाई सगळं वाचून आलीय. पेपर वाचणाऱ्याला तू काय काय वाचलंस ह्यात रस नसतो, त्याला तुझ्याकडून एक नवी गोष्ट हवी असते आणि ती खरी कशावरून हे हवं असतं. एकच. आणि तुझ्याकडे ती आहे! पण कुठे आहे माहीत आहे? एकतिसाव्या पानावर, एका परिच्छेदाच्या मध्ये. तिथे तू लिहिलंयस की १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनेकडे गेली, पण मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होत राहिली, आणि मग पावणी घेणारा मासळीच्या सोयीने मानस उघडायला लागला, शेताच्या सोयीने नाही, खारं पाणी आत आलं आणि शेतं पडीक गेली. आणि तुझ्याकडे पावण्यांचे आकडे आहेत, कुठल्या वर्षी कुठलं शेत सोडलं त्याच्या नोंदी आहेत, दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेत. बाय, हाच तुझा पेपर. बाकीची तीस पानं त्याच्या वाटेवर उभी आहेत.

म्हणून आता १५२६ पासून सुरुवात करू नको. आपल्याकडे कोमुनिदादवर, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या जुन्या संस्थेवर, लिहिणारा प्रत्येक जण पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाच्या त्या फोरालपासून, म्हणजे गावच्या रिवाजांच्या सनदेपासून, सुरू करतो आणि विसाव्या शतकात यायला त्याला आठ पानं लागतात, मी रिव्ह्यूला आलेल्या लेखांत हे इतक्यांदा बघितलंय की सांगायची सोय नाही. तुला तो इतिहास दोन परिच्छेदांत पुरे. इतिहासकार दा. ध. कोसंबींनी १९४७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या जर्नलात जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या गोव्याच्या भागातल्या, गावसंस्थेवर लेख लिहिला तो काढून बघ. स्कंदपुराण काय सांगतं आणि इतिहास काय सांगतो, हे दोन समोरासमोर ठेवून एकच प्रश्न धरलाय. गणिताचा माणूस, पण प्रश्न कसा धरावा हे तिथे शिकायला मिळतं.

आणि हे सगळं नव्याने लिहायच्या आधी जर्नल ठरव. लोक लेख पूर्ण करतात आणि मग तो कुठे बसतो ते शोधतात, म्हणून 'कक्षेत बसत नाही' असं उत्तर येतं. तुझी हीच गोष्ट इतिहासाच्या जर्नलात गेली तर तिथे दस्तऐवज पुढे यायला हवेत, पर्यावरणाच्या जर्नलात गेली तर पाणी, खारटपणा आणि जमीन पुढे, समाजशास्त्रात गेली तर पावणीवाला आणि कूळ ह्यांच्यातलं नातं पुढे. एकाच लेखात तिघांना खूश करायला गेलीस की तिघंही परत पाठवतात. तीन-चार जर्नलं निवड, प्रत्येकाचे मागच्या दोन वर्षांतले पाणथळ जमीन, सामायिक मालकी, शेती असल्या विषयांवरचे आठ-दहा लेख वाच. वाचताना स्वतःला विचार की ह्यातल्या कोणाशी मला बोलायचंय, कोणाचं म्हणणं माझ्या गावात खरं ठरतं आणि कोणाचं ठरत नाही. ज्या जर्नलात असं बोलायला माणूस सापडेल ते तुझं. तुझ्या संदर्भयादीत त्या जर्नलातला एकही लेख नव्हता, एडिटर पहिल्यांदा तेच बघतो. मी स्वतः रिव्ह्यू करते तेव्हा सारांश वाचून झाला की थेट शेवटच्या संदर्भांवर जाते, मग निष्कर्ष, आणि मगच पहिलं पान.

लिहिताना लक्षात ठेव की वाचणारा कदाचित खाजन म्हणजे काय हेच जाणत नाही. तू 'मानस' शब्द पंधरा वेळा वापरलास आणि एकदाही सांगितलं नाहीस की ती बांधातली लाकडी झडप, भरतीचं पाणी आलं की त्याच्याच दाबाने मिटते आणि ओहोटीला उघडते. हे एवढं सांगितलंस की दूरच्या माणसाला पण कळतं की जी झडप आपोआप चालायची तिच्यात माणसाचा हात कधी आणि का शिरला, आणि तिथेच तुझा मुद्दा त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. शब्द मात्र आपलेच ठेव, मानस, पोय (बांधाच्या आतली पाणी साठायची जागा), पावणी, त्यांना परके शब्द चिकटवून गुळमुळीत करू नको. सारांश सगळ्यात शेवटी लिही, त्यात काय शोधलंस ते स्पष्ट सांग, 'चर्चा केली आहे' असं लिहून सोडू नको.

एका गोष्टीवर मला जास्त बोलायचंय, ते म्हणजे तुझ्या मुलाखती. तू नावं बदललीस, चांगलं केलंस, पण गाव एवढंसं, दहा वर्षांत पावणी घेणारे तिघं, आणि तू वर्ष दिलंयस, वाडा दिलायस, किती रुपयांना पावणी गेली ते पण दिलंयस. म्हणजे गावातलं शाळकरी पोर पण सांगेल हा कोण. आणि तू लिहितेस की त्याने रात्री मानस उघडली. हा लेख नेटवर कायम राहणार आहे बाय, कोणीतरी त्याची प्रिंट काढून ग्रामसभेत आणेल. वाडा काढ, एकेका वर्षाऐवजी पाच वर्षांचा टप्पा दे, आणि ज्यांचं म्हणणं शब्दशः वापरतेस त्यांना तो भाग मराठीत वाचून दाखव आणि विचार की चालेल का. एखादा नाही म्हणाला तर सोडून दे. संमती कशी घेतलीस ते पेपरमध्ये दोन ओळींत लिही, हल्ली जर्नलं ते विचारतातच. पुराभिलेखातल्या कागदांचे फोटो छापायचे असतील तर खात्याची परवानगी आधीच काढून ठेव, आणि कोडेक्स नंबर, पान, पानाची पुढची बाजू की मागची, हे आजच वहीतून नीट उतरव, नंतर रिव्ह्यूअरने विचारलं की पुन्हा खेपा.

बारीकसारीक गोष्टी पटकन सांगते. जर्नलची लेखकांसाठीची सूचना प्रिंट काढून पेन्सिलने टिक करत जा, शब्दमर्यादा आठ हजार असेल तर तळटीपांसकट की सोडून ते बघ. संदर्भ हाताने लावू नको, झोटेरो नावाचं संदर्भ लावायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात एकदा भरलंस की शैली एका क्लिकवर बदलते. रिव्ह्यूअरला तुझं नाव कळता कामा नये, म्हणून फक्त पहिल्या पानावरचं नाव काढून भागत नाही, फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये असतं, आभारात असतं, 'माझ्या आधीच्या लेखात' ह्या शब्दांत असतं. एडिटरला पत्र अर्ध्या पानाचं, काय शोधलं, त्यांच्याच वाचकांना का, आणि दुसरीकडे कुठे पाठवलेलं नाही. आणि ते शेवटचं खरं असू दे, एका वेळी एकच जर्नल.

सिमिलॅरिटीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराशी साम्याच्या, टक्क्यांना घाबरलीयस म्हणून सांगते, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत काही कारवाई नाही, आणि नाव देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भयादी, सलग चौदा शब्दांपर्यंतचं साम्य हे त्यात धरत नाहीत. पण टक्के कमी करायला वाक्यं फिरवत बसणं चुकीचं, दुसऱ्याचा विचार असेल तर शब्द बदलून पण तो त्याचाच. चॅटजीपीटीकडून इंग्रजी नीट करून घेतलंस तर जर्नलचा नियम वाचून तसं उघड लिही. संदर्भ मात्र त्याच्याकडून कधीच घेऊ नको, नसलेले लेख असल्यासारखे देतं, आणि रिव्ह्यूअरला एक जरी खोटा सापडला तरी तुझ्या खऱ्या पावण्यांच्या आकड्यांवर पण त्याचा विश्वास राहणार नाही.

सरांचं नाव. हे अवघड आहे, मला कळतं, त्यांच्याच सहीवर सगळं अडलेलं असतं. पण लेखक तो ज्याने प्रश्न घडवायला, पुरावा गोळा करायला किंवा त्याचा अर्थ लावायला खरी मदत केली, लिखाणात हात घातला, आणि जो छापलेल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी घेईल. सरांनी पावण्यांचं कोष्टक तुझ्याबरोबर बसून केलं असेल तर नाव जरूर घाल, दुसरं. नुसतं वाचून सूचना दिल्या असतील तर आभारात, मनापासून. पहिलं नाव तुझंच, बांधावर तू गेलीस. त्यांच्याशी वाद घालू नको, सरळ जर्नलची लेखकत्वाची अट छापून घेऊन जा आणि म्हण, 'सर, हे लोक प्रत्येकाने काय केलं ते लिहून मागतात, आपण मिळून भरूया का?' कागद समोर असला की बोलणं सोपं होतं. हे सबमिट करायच्या आधी कर, नंतर नाव बदलणं फार किचकट.

पाठवल्यावर तीन-चार महिने गप्प बसायची तयारी ठेव, सहा पण लागतात. चार महिन्यांनी दोन ओळींचा नम्र मेल चालतो. आणि उत्तरात 'मेजर रिव्हिजन', म्हणजे मोठ्या सुधारणा करून पुन्हा पाठवा, असं आलं तर रडू नको, ती चांगली बातमी आहे, जसाच्या तसा लेख क्वचितच घेतात. मला पहिल्यांदा आलं तेव्हा तीन पानं शेरे होते, आठवडाभर मी ती फाईल उघडली नाही, मग उघडली तर तीनातली दोन पानं बरोबर होती आणि लेख त्यामुळेच उभा राहिला. प्रत्येक शेरा एका रकान्यात, शेजारी तू काय केलंस आणि कुठल्या पानावर. पटत नसेल तिथे पुराव्यासकट सांग की का बदललं नाही, ते पण चालतं.

आणि मराठी. तू विचारलं नाहीस पण मी सांगणार. अ. का. प्रियोळकरांसारख्या आपल्याच गोव्याच्या संशोधकाने इंग्रजीबरोबर मराठीतही मोठं काम केलं, ते मराठी असल्यामुळे कुठे कमी पडलं नाही. तुझी ही गोष्ट ज्यांची आहे त्या कुळांना इंग्रजी जर्नल वाचता येणार नाही. इंग्रजी पेपर छापून आला की त्यावरून मराठीत वेगळा लेख लिही, नुसतं भाषांतर नको, आणि दोन्ही संपादकांना आधी कळव म्हणजे पुढे कोणी बोट ठेवणार नाही.

आता ह्या आठवड्यात एवढंच कर. ते एकतिसावं पान काढ, त्यातला तो परिच्छेद कोऱ्या फाईलमध्ये सगळ्यात वर टाक आणि त्याच्यावरून दोनशे शब्दांचा सारांश लिहून मला चवथीच्या आधी पाठव, फेरीबोटीत बसल्या बसल्या होईल. चौदा हजार शब्दांची ती फाईल तोवर उघडू नको. आणि त्या अठराशेवाल्या मेलला 'नको' असं पण उत्तर देऊ नको, उत्तर गेलं की पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं आणि रोज दहा मेल यायला लागतात.